11 मिनिटं 40 सेकंद

हेडफोन लावून मी तो व्हिडिओ आतापर्यंत किती वेळा ऐकला असेल, मोजलेलं नाही. पाहिला असं म्हणत नाही, कारण पाहण्यासारखं जे होतं ते पहिल्या दोन-तीन खेपांतच पाहून झालं होतं. दसऱ्याच्या आधीचा रविवार, सकाळचे साडेसात, पुण्याजवळच्या पिरंगुटच्या अलीकडची एक डोंगरसोंड, दोन्ही बाजूंना कंबरेएवढं वाढून आता पिवळं पडू लागलेलं गवत आणि त्यातून खाली उतरत जाणारी हातभर रुंदीची पायवाट. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने त्या दिवशी फार सुरेख काम केलं होतं. ऊन तिरपं आहे, गवताच्या तुऱ्यांवर दव आहे, वाट आपणहून उलगडत समोर येते आहे. 11 मिनिटं 40 सेकंदांना माझी सायकल एका काळ्या कातळावर चढते, टायरखालच्या मुरमाचा खरखराट एकदम थांबतो, आणि त्या दोन सेकंदांच्या शांततेत मागून, लांबून, पण अगदी स्पष्ट हाक येते. "थांब गं!"

मी थांबत नाही.

डोंगरावर ही हाक मला ऐकूच आली नव्हती. हाक दादाची होती. साठ-सत्तर फूट मागे असलेला माझा मोठा भाऊ त्या क्षणी पडला होता आणि मला बोलावत होता. 11 मिनिटं 46 सेकंदांना पुन्हा एकदा "अगं ए" एवढंच ऐकू येतं, पुढचं मुरमात बुडून जातं. त्यानंतर आणखी एक हाक आहे असं मला कधी वाटतं, कधी ती टिटवी वाटते. चित्रात मात्र यातलं काही म्हणजे काही नाही. चित्रात वाट आहे, ऊन आहे, एका बोरीच्या फांदीखालून मी मान झुकवून निघते तेव्हा क्षणभर पडणारी सावली आहे. मी आजवर टिपलेल्या सगळ्या फुटेजमधली ही सर्वांत देखणी चाळीस सेकंदं आहेत, आणि ती तशी आहेत कारण मी थांबले नाही.

कॅमेरा घेतला तो आईसाठी. आई साताऱ्यात असते, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे तिचं जिना चढणंसुद्धा आता बंद झालं आहे. दादा पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा सायकलवर बसला आणि त्याने मलाही ओढलं. दर रविवारी पहाटे आम्ही दोघं बहीणभाऊ कुठल्या ना कुठल्या डोंगरावर असतो हे तिला फोनवर कळायचं. "जाता तरी कुठं तुम्ही? काय असतं तिथं?" हा तिचा प्रश्न ठरलेला. फोटो पाठवून तिचं समाधान व्हायचं नाही. फोटोत आम्ही दोघं घामेजलेले, मागे आभाळ आणि एखादा सुळका. तिला वाट बघायची होती. लहानपणी ती माहेरी जायची तेव्हा एसटी उतरून दोन तास पायी चालावं लागायचं, त्यामुळे वाट म्हणजे काय हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. खिंडीत वारं कुठून लागतं, पाणी कुठं भेटतं, असलं सगळं ती विचारते. तेव्हा मनात आलं, आपले डोळे जे बघतात तेच तिला दाखवता आलं तर?

दुकानातल्या मुलाने मला आधी रिझोल्यूशन सांगायला सुरुवात केली. मी त्याला वजन विचारलं. तो थोडा गोंधळला, पण मग त्याने तीन-चार कॅमेरे काढून माझ्या तळहातावर एकेक ठेवले, आणि ते त्याने फार बरं केलं. गोप्रो हीरो 12 भरतो 154 ग्रॅम, डीजेआयचा ऑस्मो अॅक्शन 4 भरतो 145 ग्रॅम. हातावर हे काहीच वाटत नाही, दोन मोठ्या लिंबांइतकंही नाही. पण माझं हेल्मेट साधारण साडेतीनशे ग्रॅमचं. त्यावर दीडशे ग्रॅम म्हणजे डोक्यावरचं ओझं जवळजवळ दीडपट, आणि तेही डोक्याच्या वर, मानेपासून दूर. खड्ड्यातून सायकल जाते तेव्हा ते वजन मानेला पुढे-मागे ओढत राहतं. इन्स्टा360 गो 3 नावाचा अंगठ्याएवढा कॅमेरा अवघा 35 ग्रॅमचा. तो घ्यायचा मोह मला खूप झाला. पण एकटा तो पाऊण तासच चालतो आणि आमची चढण संपायलाच तेवढा वेळ लागतो. शेवटी दीडशे ग्रॅमच्या वर्गातलाच एक घेतला. सोबत जास्तीची बॅटरी आणि चांगल्या वेगाचं कार्ड, कारण 4केमध्ये तासाभराचं फुटेज 25-30 जीबी सहज खातं.

या कॅमेऱ्यांचा जन्म समुद्रावरचा आहे. गोप्रो कंपनी काढणाऱ्या निक वुडमन या सर्फरला लाटेवर असताना स्वतःचे फोटो हवे होते, म्हणून 2004 मध्ये त्याने मनगटाला बांधायचा, रिळाचा, साधा कॅमेरा विकायला काढला. त्याच्याकडून ही वस्तू मनगटावरून छातीवर, हँडलवर, हेल्मेटवर चढली. मला ही गोष्ट आवडते, कारण तिच्या मुळाशी एक साधी अडचण आहे: जो लाटेवर आहे त्याचे हात मोकळे नाहीत, आणि जो किनाऱ्यावर मोकळ्या हातांनी उभा आहे त्याला लाट आतून दिसत नाही. डोंगरउतारावर सायकल चालवतानाही हेच. दोन्ही हात ब्रेकवर, बोटं आखडलेली. त्या वेळचं काही दुसऱ्याला दाखवायचं तर कॅमेरा अंगावरच बांधायला हवा.

पण अंगावर म्हणजे कुठे?

यावर मी जवळजवळ दोन महिने घालवले, आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असं मला वाटत नाही. हँडलवर लावून पाहिला तर प्रत्येक दगडाचा हादरा थेट कॅमेऱ्यात उतरतो, आणि चित्र सारखं चाकाबरोबर वळत राहतं. छातीवरचा पट्टा अनेकांना सर्वांत आवडतो, आणि तो का आवडतो हे मला पटतं. त्यात हँडल दिसतं, हात दिसतात, ब्रेकवरची बोटं दिसतात, जमीन जवळ असते म्हणून वेग खरा वाटतो. पण तो पट्टा शिवणाऱ्याने बाईचं अंग डोळ्यांसमोर ठेवलेलं नसतं. कॅमेरा वरच्या बाजूला कलतो, पट्टे काखेत काचतात, आणि चढावर श्वास लागलेला असताना छातीभोवती काहीही आवळलेलं मला सहन होत नाही. फुल फेस हेल्मेट घालणारे हनुवटीवर लावतात. डोळ्यांच्या पातळीच्या जवळ असल्यामुळे तिथून मिळणारं दृश्य सगळ्यात खरं, हे मी मान्य करते. पण पुण्याच्या आसपास, ऑक्टोबरच्या उन्हात, तासन् तास चढण चढायची तर फुल फेस हेल्मेटमध्ये जीव घुसमटतो. तेव्हा उरलं माझं नेहमीचं, खिडक्या-खिडक्यांचं अर्धं हेल्मेट. त्याच्या झरोक्यांतून पट्टा ओवून, व्हायझरच्या कडेपर्यंत पुढे सरकवून कॅमेरा बसवायचा.

चिकटपट्टीचा माउंट मी दोनदा लावला आणि दोनदा काढला. तो लावण्याचीही एक रीत आहे. हेल्मेटचा तो भाग सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करायचा, वक्र जागेवर वक्र पट्टीच लावायची, दाबून बसवायची आणि चोवीस तास हात लावायचा नाही. मी जुलैमध्ये लावला होता. पुण्यातल्या जुलैमध्ये पापडसुद्धा कोरडा राहत नाही, तिथे ही पट्टी काय धरणार! एक कोपरा सुटला. पण काढून टाकण्याचं खरं कारण वेगळं होतं. हेल्मेटच्या आत जो पांढरा फोम असतो, तो एकदाच कामाला येतो. डोकं आपटलं की तो चिरडतो आणि धक्का स्वतःत जिरवतो. बाहेरचं गुळगुळीत कवच असतं ते जमिनीवर घसरत जावं म्हणून, कुठे अडकून मानेला पीळ बसू नये म्हणून. अशा कवचावर आपण एक कडक, टोकदार वस्तू घट्ट चिकटवतो. 29 डिसेंबर 2013 ला फॉर्म्युला वनचे माजी विश्वविजेते मायकेल शूमाकर फ्रान्समधल्या मेरिबेलच्या बर्फात स्कीइंग करताना पडले तेव्हा त्यांच्या हेल्मेटवर असाच कॅमेरा होता. त्यातलं चित्रण तपास करणाऱ्यांनी पाहिलं. कॅमेऱ्यामुळे इजा वाढली का, याची जगभर चर्चा झाली, सिद्ध मात्र काही झालं नाही. सिद्ध झालं नसलं तरी मी पट्टीऐवजी ओवलेला पट्टा घेतला, जोराचा हिसका बसला तर तो निसटेल म्हणून. जोडीला शिवणाच्या दोऱ्याची एक गाठ, कॅमेरा दरीत जाऊ नये एवढ्यापुरती, मानेआधी तुटेल अशी. ही काळजी कुणाला फाजील वाटेल. एकदा बोरीची फांदी डोक्यावरच्या कॅमेऱ्यात अडकून मान मागे खेचली गेली की मग ती फाजील वाटत नाही.

पहिल्या दिवशी कॅमेऱ्याचा कोन मी घरात आरशासमोर ताठ उभी राहून लावला होता. सायकलवर कुणीच ताठ नसतं. पाठ वाकते, डोकं झुकतं, आणि डोळे भुवयांखालून वर, वाटेकडे बघतात. कॅमेऱ्याला डोळे फिरवता येत नाहीत, तो कपाळ जिकडे तिकडे. त्यामुळे घरी आल्यावर चाळीस मिनिटांचं पुढचं चाक मिळालं. पुढच्या वेळी वर केला तर ग्लिरिसिडियाचे शेंडे आणि ढग. तिसऱ्यांदा दादाने माझी सायकल धरली, मला तिच्यावर उतारावर असते तशा बाकात उभं केलं, आणि फोनवर चित्र बघत स्वतः कॅमेरा रेसभर खाली, रेसभर वर असा सरकवत राहिला. "आता पुढं बघ. कुठं बघतेस? वाटेकडं बघ. हां, तशीच थांब." मग त्याने स्क्रू आवळला आणि हेल्मेटवर चांदीच्या रंगाच्या पेनाने एक बारीक रेघ मारून ठेवली, पुढच्या वेळी शोधावं लागू नये म्हणून. ती रेघ अजून आहे.

या तालमी आम्ही वेताळ टेकडीवर केल्या. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच, शहराच्या मधोमध असूनही मोरांचा आवाज येणारी ही टेकडी आहे मुळात चालणाऱ्यांची. पहाटे खाणीच्या बाजूने वर येणारे आजी-आजोबा, कुत्री घेऊन आलेली मुलं, वेताळाच्या देवळाशी पाठ टेकून बसलेली माणसं. सायकल दिसली की ही माणसं बाजूला होतात, हसतात, कुणी "शाब्बास" म्हणतं. कॅमेरा दिसला की गप्प होतात. एका बाईंनी पदर डोक्यावर घेतला, आणि त्यांच्या सोबतच्या आजोबांनी शांतपणे विचारलं, "चालू आहे का ते?" चालू होता. मी तिथल्या तिथे बंद केला. तेव्हापासून माणसं असतील तिथे बंद, हा मी माझ्यापुरता नियम केला आणि खऱ्या चित्रणासाठी आम्ही मुळशीच्या बाजूच्या एकाकी सोंडांवर जाऊ लागलो. आता वाटतं, टेकडीवर त्या सकाळी माझ्यामागे चार माणसं चालत असती तर दादाची हाक त्यांनी पुढे पोचवली असती.

सायकल मला दादानेच शिकवली. साताऱ्यात तेव्हा तासाच्या भाड्याने सायकली मिळायच्या, आणि आमच्या उंचीला पुरेल अशी एकच होती दुकानात, तिच्यासाठी रांग. पण माझ्या मनात जास्त रुतून बसलं आहे ते शिकण्याच्या आधीचं, कॅरियरवरचं बसणं. दादाची काळी, बावीस इंची सायकल, कॅरियरवर दुमडलेलं पोतं, आणि त्यावर मी. पोवई नाक्याच्या चढाला लागण्याआधी तो मागे न बघता विचारायचा, "बसलीस?" मी त्याच्या पाठीवर एक थाप मारायची. म्हणजे हो, बसले. मग तो उभा राहून पायडल मारायला लागायचा. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटायचा आणि त्याला खोबरेल तेलाचा आणि शाळेच्या खडूचा वास यायचा. एकदा अशाच एका चढावर, त्याला फार दम लागला आहे असं वाटून, मी हळूच उतरले. न सांगता. तो पाच-सहा पायडलं पुढे गेला असेल, तेवढ्यात थांबला, वळला, आणि सगळा चढ उतरून परत आला. "मागचं वजन कमी झालं की कळतं मला," एवढंच म्हणाला. मला पुन्हा बसवलं. मी तेव्हा दहा वर्षांची असेन, तो सोळाचा.

तर तो रविवार. चढताना नेहमीप्रमाणे दादा पुढे होता. माथ्यावर पाणी प्यायलो, मोज्यांत रुतलेली कुसळं काढली. उतरताना त्याने मला पुढे घातलं. "तू पुढं हो. माझी धूळ नको तुझ्या कॅमेऱ्यात." हे त्याचंच वाक्य, तेही रेकॉर्ड झालं आहे, 10 मिनिटं आणि काही सेकंदांवर. त्या दिवशी सगळं जुळून आलं होतं. पावसाने वाट धुऊन घट्ट केली होती, वळणांवर तेवढा मुरूम सुटून गोट्यांसारखा पसरला होता. मी वळणं आधी बघून, बाहेरून आत अशी लाइन घेत होते, आणि प्रत्येक वळणाबरोबर मनात कुठेतरी आईचा टीव्ही चालू होता. आई हे बघेल. आईला हे आवडेल. या नादात मी खालच्या आंब्यापर्यंत उतरले, सायकल आडवी ठेवली, आणि दादा येईपर्यंत फोनवर आत्ताचा शॉट कसा आला ते बघायला लागले.

नऊ मिनिटं. मागाहून मी हिशेब केला.

तो सायकल हाताने धरून चालत आला. उजव्या हाताने धरली होती, डावा हात खिशात होता. "चेन पडली होती," म्हणाला. मी त्याला स्क्रीन दाखवली. त्याने पाहिली, भर उन्हात डोळे बारीक करून, पूर्ण पाहिली. "झकास आलंय," म्हणाला. घरी जाताना गाडी मी चालवली, त्याने सहज म्हणावं तसं म्हटलं होतं, आज तू चालव. संध्याकाळी वहिनीचा फोन आला, की मनगट भाकरीच्या गोळ्यासारखं सुजलं आहे. एक्स-रेमध्ये हाड तडकलेलं दिसलं. सहा आठवडे प्लास्टर. मी दवाखान्यात गेले तेव्हा "वळणावर पुढचं चाक सरकलं, हातावर पडलो" एवढं त्याने सांगितलं. हाक मारल्याचं सांगितलं नाही. तू ऐकली नाहीस का, असं विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही.

ती हाक मला सापडली आठ दिवसांनी. मुलगी माझ्या लॅपटॉपवर व्हिडिओ कापत बसली होती. तिने सांगितलं, "आई, आवाज काढून टाकते सगळा. नुसता खडखडाट आहे. वर बासरी टाकू." मी हो म्हणणारच होते. पण आईला वाटेचा आवाज हवा असेल असं वाटून म्हटलं, आधी एकदा ऐकते. हेडफोन लावले. मुरूम, माझा श्वास, पायडल थांबलं की मागच्या चाकाच्या हबची टर्रर्र, मध्येच कुठे होला घुमतोय. आणि मग कातळ. या कॅमेऱ्यांना एकाहून जास्त मायक्रोफोन असतात, ते मागचंही ऐकतात, आणि भोवतीचा गोंगाट कमी झाला की आपणहून बारीक आवाज उचलून धरतात. टायर कातळावर आले तेवढ्या दोन सेकंदांत कॅमेऱ्याने दादाला उचलून धरलं. माझ्या कानांना तेवढंही जमलं नाही. कान तिथेच होते, कॅमेऱ्याच्या खाली वीतभर. हेल्मेटचे पट्टे कानावरून जातात, पण कान झाकत नाहीत. कान उघडे होते.

मग मी चित्र पाहायला लागले, हाकेच्या क्षणाचं, एकेक फ्रेम पुढे सरकवत. मला एवढंच बघायचं होतं, की माझं डोकं हललं का. कॅमेरा कपाळावर आहे, मान जराशी जरी मागे वळली असती, नुसती दचकली असती, तरी चित्रात दिसलं असतं. चित्र शांत आहे. वाट सरळ येते आहे. पण मग मला आठवलं की ते शांत केलेलं आहे. या कॅमेऱ्यांत स्टॅबिलायझेशन असतं. गोप्रोने 2018 मध्ये हीरो 7मध्ये ते इतकं चांगलं आणलं की तेव्हापासून डोंगरावरचे व्हिडिओ बघताना पोटात ढवळेनासं झालं. त्याची रीत अशी: कॅमेरा लागतं त्यापेक्षा थोडी मोठी चौकट टिपतो, आत बसवलेला जायरोस्कोप प्रत्येक हिसक्याची नोंद ठेवतो, आणि डोकं ज्या बाजूला गचकलं त्याच्या उलट बाजूला आतली चौकट सरकवून तो गचका पुसून टाकतो. खड्डा पुसतो, धाप पुसतो. क्षितिज लॉक केलेलं असेल तर मान एका बाजूला कलली होती हेही पुसतो. म्हणजे मी दचकले असेन तर ते दचकणंही त्याने खड्डा समजून पुसलं असेल. कदाचित माझ्या शरीराने हाक ऐकली होती, मान क्षणभर वळायला निघाली होती, आणि मीच तिला पुन्हा वाटेवर आणलं, कारण शॉट चांगला चालला होता. किंवा मान हललीच नव्हती. या दोन गोष्टींत फार अंतर आहे. ते मला कळायला आता मार्ग नाही. झाडांच्या दाट सावलीत उजेड कमी पडला की हे पुसणं नीट जमत नाही, चित्रात एक धूसर थरथर उरते. कातळावर मात्र लख्ख ऊन होतं.

दिवाळीत साताऱ्याला गेलो. दादा प्लास्टर गळ्यात अडकवून, मी पेनड्राइव्ह घेऊन. मुलीला मी बासरी टाकू दिली नव्हती, आवाज तसाच ठेवला होता, फक्त 11 मिनिटं 40 सेकंदांच्या आधीच कापला होता. ते कापताना माझा हात थरथरला हे लिहून ठेवायला हवं. आई टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसली, चष्मा पुसला. पूर्ण वेळ ती वाटेशी बोलत होती. "गवत चांगलं झालंय यंदा." "इथं पाणी असणार, हिरवं दिसतंय बघ." "अगं, हळू." मला हवं होतं ते सगळं मिळत होतं. मग तिने विचारलं, "ह्यात दादा कुठं दिसंना तो?"

"मी मागं होतो," दादा म्हणाला.

"मागं कशाला?"

"हिचं चांगलं यावं म्हणून."

आई काही बोलली नाही. पुढचं बघत राहिली. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला आणि आधण उकळून गेलं तरी तिथेच उभी राहिले.

जानेवारीच्या अखेरीस दादा पुन्हा सायकलवर बसला. आधी सपाटीवर, मग वेताळ टेकडीवर, आणि फेब्रुवारीत त्याच सोंडेवर. मधल्या काळात कुणीतरी वणवा लावला होता. आमचं सगळं पिवळं गवत जळून काळं झालं होतं, राखेचा वास टायरबरोबर उडत होता, आणि खालच्या ओढ्यात एकट्या काटेसावरीवर लाल फुलं होती. माथ्यावर पाणी पिताना त्याने डावं मनगट दोन-तीनदा फिरवून बघितलं. मी हेल्मेट काढलं, चांदीच्या रेघेवर कॅमेरा आणला, आणि सेटिंगमध्ये जाऊन स्टॅबिलायझेशन बंद केलं. क्षितिजाचं लॉकही काढलं. "आज तू पुढं हो," मी म्हटलं. "धूळ?" "असू दे."

तो पुढे झाला.

घरी येऊन मी ते फुटेज एकटीने पाहिलं. बघवत नाही असं आहे. प्रत्येक दगड चित्रात आहे, माझी प्रत्येक धाप आहे, वळणावर सगळा डोंगर तिरका होतो आणि पुन्हा सरळ होतो. राख आणि धूळ यांतून दादाची निळी जर्सी कधी दिसते, कधी नाही. आईला हे दाखवलं तर तिला भोवळ येईल. पण एक गोष्ट मला प्रत्यक्ष चालवताना दिसली नव्हती, तेव्हा माझी नजर माझ्या चाकापुढच्या दहा फुटांवर होती. तो प्रत्येक वळणावर ब्रेक दाबतो. वळण संपलं की मान मागे करतो, मी दिसले की पुन्हा पुढे बघतो. पहिल्या वळणावर. बोरीपाशी. त्या कातळाच्या आधी, जिथे तो पडला होता त्या वळणावर तर सायकल पूर्ण थांबवतो, एक पाय टेकतो. त्याचे ओठ हलतात. आवाज मुरमात गेला आहे, पण काय म्हणाला असेल ते मला हेडफोनशिवाय कळतं.

आणि मग चित्र, जे तोवर नुसतं गचके खात होतं, ठरवल्यासारखं एकदा खाली जातं आणि वर येतं. ती माझी मान आहे. हो, आहे मी.